घरभाडे विचारलेत, पाण्याचा दिवस विचारलात का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेंद्रा-बिडकीनच्या 'ऑरिक' या औद्योगिक नगरीत अमुक कोटींची गुंतवणूक, तमुक हजार नोकऱ्या, अशी बातमी आली की चाकण, भोसरी, ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यातून चौकशीचे फोन सुरू होतात. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केल्यापासून तर छत्रपती संभाजीनगर म्हणजे 'स्वस्त आणि बायकामुलांना घेऊन राहायला बरे' शहर, असे जो तो सांगतो. सांगणे खोटे नाही. पुण्यात दोन खोल्यांना जे भाडे मोजावे लागते, त्यात इथे पुढे-मागे थोडी मोकळी जागा असलेले घर मिळू शकते. शाळा, दवाखाना, भाजी मंडई हाताशी असते आणि रविवारी पोरांना घेऊन दौलताबाद-वेरूळ करून माणूस जेवायला घरी परत येतो.

पण येणारा माणूस भाडे, अनामत आणि शाळेची फी एवढ्या तीनच आकड्यांवर हिशेब मांडतो. आम्ही काही जण इथल्या कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांत काम करतो. बाहेरून येणाऱ्यांची सोय लावणे हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. आमचे म्हणणे एवढेच की या शहराची स्वस्ताई दोन प्रश्नांच्या उत्तरांवर टिकते. तुमच्या कारखान्याचे गेट शहराच्या कुठल्या दिशेला आहे, आणि तुमच्या नळाला पाणी कितव्या दिवशी येते? हे दोन प्रश्न चुकले की भाड्यात वाचलेला पैसा पेट्रोल आणि टँकरमध्ये जातो.

आधी दिशेचे. पुण्या-मुंबईच्या माणसाला 'एमआयडीसी' म्हटले की एकच पट्टा डोळ्यासमोर येतो. इथे त्या तीन दिशांना पांगल्या आहेत. चिकलठाणा शहराला चिकटून, पूर्वेला. त्याच जालना रोडने पुढे गेले की शेंद्रा, स्कोडा तिथली. वाळूज पश्चिमेला, अहिल्यानगर-पुणे रस्त्यावर. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून तिथे आहे. बिडकीन दक्षिणेला, पैठण रोडवर. लोकल नाही, मेट्रो नाही. शहर बस आहे. पण सकाळी सातच्या पाळीला वेळेवर गेटात उतरायचे तर तिच्या भरवशावर राहू नये. म्हणजे कंपनीची बस, नाहीतर स्वतःची दुचाकी.

म्हणून ऑफर लेटर हातात पडले की पगाराच्या खालोखाल विचारायची गोष्ट बसची. कुठल्या पाळीला बस आहे, कुठल्या स्टॉपवरून किती वाजता सुटते, जनरल शिफ्टला आहे की नाही, ओव्हरटाइमला थांबले तर परतीची सोय काय. बसचा नकाशा मागून घ्या आणि त्या स्टॉपपासून चालत दहा मिनिटांच्या आत घर शोधा. शेंद्र्याला नोकरी असेल तर मुकुंदवाडी, चिकलठाणा, सिडको-हडकोचा पूर्वेकडचा भाग सोयीचा. वाळूजला असेल तर बजाजनगर, सिडको वाळूज महानगर, किंवा शहरातच राहायचे तर पडेगाव-मिटमिट्याची बाजू. गारखेड्यात राहून वाळूज गाठणाऱ्याची रोज सकाळी नगर नाक्यावर परीक्षा असते. बिडकीनवाल्यांनी कांचनवाडी, नक्षत्रवाडी, पैठण रोड पाहावा. नवरा शेंद्र्याला आणि बायको वाळूजला, असे असेल तर दोघांच्या अंतराचा मध्य काढण्यापेक्षा ज्याची पाळी बदलती आहे त्याच्या जवळ राहावे. रात्री अकराला सुटणाऱ्याचे अंतर कमी हवे. जनरलवाला पाच-सात किलोमीटर जास्त सोसू शकतो.

आता पाणी. शहराला पाणी येते पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून. धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर. शहर त्याहून शंभर मीटरच्या वर वसलेले. सगळे पाणी पंपाने चढवून आणावे लागते, फारोळ्याला शुद्ध करून, नक्षत्रवाडीच्या टेकडीवरून पुढे जलकुंभांना. मूळच्या दोन वाहिन्या ७०० आणि १२०० मिलिमीटर व्यासाच्या, जुन्या. मधल्या काळात ९०० मिलिमीटरची एक घातली गेली, आणि २५०० मिलिमीटरच्या मोठ्या वाहिनीच्या नव्या योजनेचे काम अनेक वर्षे चालू आहे. पंपगृहाची वीज गेली किंवा वाहिनी फुटली की त्या दिवशीचा भाग कोरडा राहतोच, शिवाय त्याच्या मागच्या सगळ्या भागांचे पाणी एकेक दिवस पुढे सरकते. इथल्या भाषेत 'गॅप वाढला'. वेळापत्रकात पाचवा दिवस असलेल्या गल्लीत सातव्या-आठव्या दिवशी पाणी सुटते ते यामुळे. नवी योजना तुमच्या गल्लीत येईल तेव्हा येईल. घर आजच्या पाण्यावर पाहा.

घर पाहायला गेल्यावर मालकाला 'पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही ना?' असे विचारून उपयोग नाही. नाहीच म्हणणार. विचारायचे ते असे: मागचे पाणी कोणत्या तारखेला आले? त्याच्या आधीचे? किती वाजता सुटले, किती वेळ टिकले? हेच शेजारच्या घरी विचारा, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारा. तीन ठिकाणी एकच उत्तर आले तर खरे धरा. रात्री दोनला पाणी सुटणारी गल्ली असेल आणि दोघेही पाळीत असाल, तर नळ उघडायला कोण उठणार, हाही प्रश्न आहे. तसे असेल तर हौदाला फ्लोट व्हॉल्व्ह आहे का ते बघून ठेवा. तो असला की नळ उघडा ठेवून झोपता येते, हौद भरला की आपोआप बंद.

हौद बघताना झाकण उघडायला लावा आणि मेजरिंग टेप खिशात ठेवा. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि २८.३ ने गुणा, तेवढे लिटर. उदाहरणार्थ ६ फूट लांब, ५ फूट रुंद, ४ फूट खोल. हे १२० घनफूट झाले, म्हणजे जवळजवळ ३,४०० लिटर. मालक 'साडेतीन हजाराचा हौद' म्हणतो तो हा. पण वरचा अर्धा फूट फ्लोटमुळे रिकामा राहतो आणि तळाच्या अर्ध्या फुटातला गाळ मोटरला ओढू द्यायचा नसतो. कामाची खोली तीनच फूट, म्हणजे ९० घनफूट, म्हणजे अडीच हजार लिटर. शहरी घराला दरडोई १३५ लिटर हे शासकीय प्रमाण धरले तर चार माणसांना रोज ५४० लिटर लागतात. हौद पाचवा दिवसही पुरता काढत नाही. हात राखून १०० लिटरवर आणले तर सहा दिवस निघतात, तेही पाहुणे आले नाहीत तर. गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल तर अडीच दिवसांची बेगमी आणखी.

अपार्टमेंटमध्ये हाच हिशेब फ्लॅटच्या संख्येने भागून करावा. खाली २० हजार लिटरचा हौद आहे हे ऐकायला मोठे वाटते. फ्लॅट बारा असतील तर वाट्याला साडेसोळाशे-सतराशे लिटर, म्हणजे चार दिवस. उरलेले दिवस बोअर किंवा टँकर. तेव्हा मेंटेनन्समध्ये टँकर धरला आहे की वेगळा, आणि उन्हाळ्यात महिन्याला किती टँकर आले, हे सेक्रेटरीकडच्या वहीत बघून घ्या. वही नाही म्हणाले तर समजून जा. सातारा-देवळाईच्या बऱ्याच भागात वर्षानुवर्षे बोअर आणि टँकरवरच कारभार चालला आहे. घरे नवी, हवा छान, भाडे कमी. त्या कमी भाड्याचे कारण हे.

बोअरचे पाणी जड असते. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, वॉशिंग मशीनच्या जाळीत चुनखडी, नळांना पांढऱ्या कडा. घर पाहताना बाथरूमचा शॉवर नुसता बघितला तरी पाणी कसे आहे ते कळते. प्यायला नळाचे पाणी वेगळ्या टाकीत साठवता येते का, हे विचारा. बोअर आणि नळ एकाच हौदात सोडणारे मालक भरपूर आहेत. मग प्यायला वीस लिटरचे जार आणि आरओ आलेच, आणि आरओ जेवढे देतो त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. ते बादलीत धरून फरशी-भांड्यांना वापरावे.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. इथल्या कोरड्या हवेत एसीपेक्षा कूलर चांगला चालतो आणि विजेचे बिलही आटोक्यात ठेवतो, पण खोलीभर गार करणारा मोठा कूलर दिवस-रात्रीत पन्नास-साठ लिटर पाणी सहज पितो. म्हणजे ज्या महिन्यांत गॅप वाढतो त्याच महिन्यांत घरात अर्धा माणूस वाढतो. हौदाच्या हिशेबात तो धरा.

आणि साठवलेले पाणी म्हटले की डेंग्यू आलाच. हा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. सहा-सात दिवसांच्या गॅपमध्ये नवे पाणी जुन्यावर ओतत राहिले तर त्याला हवी तेवढी सवड मिळते. नुसते पाणी उपसून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात. ड्रम, बादल्या, कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून काथ्याने घासायला हवी. पाणी सुटायच्या आदल्या दिवशी हे काम करावे, पाणीही वाया जात नाही. हौद रिकामा करता येत नाही. त्याचे झाकण घट्ट हवे आणि व्हेंट पाइपला जाळी.

एवढे जमले की कागदपत्रांकडे. आधी भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. इथले बरेच मालक मात्र 'पाचशेच्या बॉण्डवर नोटरी करून टाकू' म्हणतात. खर्च वाचतो म्हणून भाडेकरूही मान डोलावतो. खर्च असतो किती? समजा भाडे १२ हजार, अकरा महिने, अनामत ३० हजार. अकरा महिन्यांचे भाडे १,३२,०००, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी अकरा महिन्यांचे २,७५० मिळवा. १,३४,७५० वर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे ३३७ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० आणि वर थोडे हाताळणी शुल्क. एजंट घरी अंगठ्याचे यंत्र घेऊन येतो, त्याचे तो वेगळे घेतो. एवढ्या पैशांत जो कागद मिळतो तो आधारचा पत्ता, बँक, शाळा, एचआरए सगळीकडे चालतो.

आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी पहिली किंवा पूर्वप्राथमिकला मुलाचा अर्ज करायचा असेल तर हा कागद जास्तच महत्त्वाचा: भाड्याने राहणाऱ्याला रहिवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच लागतो, तो अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा आणि किमान अकरा महिन्यांचा. नोटरी चालत नाही, आणि अर्ज भरायच्या दिवसांत करार करायला धावणाऱ्यांचे अर्ज पडताळणीत बाद होतात. पुण्यात आरटीईतून मिळालेली मोफत जागा इथल्या दुसऱ्या खासगी शाळेत आपोआप सुरू राहत नाही, हेही आधीच समजून घ्यावे.

करारात विजेचे कलम नीट वाचा. घराला स्वतंत्र मीटर हवा. एका मीटरवर वर मालक आणि खाली भाडेकरू, मध्ये सबमीटर, अशी सोय असेल तर दोघांचे युनिट एकत्र होऊन शंभरच्या आणि तीनशेच्या पुढच्या महाग टप्प्यात जातात, आणि मालक सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर तुमच्याकडून घेतो. ताबा घेताना महावितरणचे शेवटचे बिल मागा, ग्राहक क्रमांकावर थकबाकी ऑनलाइन बघा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

शाळेचे गणित तारखांचे असते. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, सीबीएसईच्या एप्रिलमध्ये. कंपन्यांना माणूस 'ताबडतोब' हवा असतो. पण दोन महिन्यांनी कुटुंब आणायची मुभा आणि तोवर गेस्ट हाउस एवढे मागून घेतले तर बहुतेक कंपन्या देतात. शाळा सोडल्याचा दाखला मेच्या सुट्टीत मागायला गेलात तर कार्यालयात शिपाई भेटेल. एप्रिल संपायच्या आत अर्ज द्या. दाखल्यावर जन्मतारीख, आईचे नाव, आडनावाचे स्पेलिंग आधारशी ताडून पाहा. चूक तिथेच दुरुस्त होते, दुसऱ्या गावातून होत नाही. आणि नुसता कागद हातात येऊन भागत नाही. यूडायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मुलाचा कायम क्रमांक, ज्याला शाळेत 'पेन' म्हणतात, तो जुन्या शाळेने मोकळा करावा लागतो, तरच नवीन शाळेला ते नाव स्वतःच्या पटावर ओढून घेता येते. जुनी शाळा फी बाकी म्हणून हे अडवून धरते, किंवा कारकून विसरतो. दाखला घेतानाच मुख्याध्यापकांकडून ते करवून घ्या. पहिली ते आठवीत दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात ते स्पष्ट आहे. ते मुख्याध्यापकांना हळू आवाजात सांगितले तरी पुरते.

दहावी-बारावीच्या वर्षी मात्र मूल हलवू नये. सीबीएसईमध्ये थेट दहावीला प्रवेश मिळायचा तर नववी सीबीएसईच्याच शाळेतून झालेली हवी, वर पालकांच्या बदलीचे पत्र आणि मंडळाची परवानगी. राज्य मंडळाची नववी करून सीबीएसईची दहावी हा रस्ताच नाही. दहावी होऊन येणाऱ्यांचे सोपे: २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात, तेव्हा पुण्यात बसूनही इथली कॉलेजे निवडता येतात.

बाकी कागद भराभर. गॅस: दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचे; जुनी अनामत जुन्या दरानेच परत मिळते आणि इथे नवी आजच्या दराने भरावी लागते, १४.२ किलोच्या एका सिलिंडरला २,२०० रुपये. सिलिंडर ट्रकमध्ये टाकून आणू नये, धोक्याचे तर आहेच, शिवाय इथली एजन्सी तो तुमच्या नावावर घेत नाही. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८. रेशन कार्ड हलवायची घाई नको; अन्नसुरक्षेचे धान्य अंगठ्यावर इथल्या दुकानातही मिळते. ईएसआयसीचे कामगार असाल, म्हणजे पगार २१ हजारांच्या आत, तर पोर्टलवर कुटुंबाचा दवाखाना बदलून घ्या, नाहीतर तुमचे कार्ड पिंपरीच्या दवाखान्याला जोडलेले आणि बाळंतपण इथे, अशी धावपळ होते. एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची गाडी इथे तशीच चालते, नंबर बदलत नाही, नवा कर नाही. पत्ता बदलल्याची नोंद तेवढी तीस दिवसांत करायची. कर्नाटक-तेलंगणातून गाडी आणणाऱ्यांना मात्र बारा महिन्यांच्या आत ना-हरकत, नवा नंबर आणि इथला कर, सगळे करावे लागते.

जातीच्या दाखल्याची चूक सर्रास होते. नव्या गावात राहायला आलो म्हणून इथल्या सेतूत अर्ज करून तो मिळत नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिवशी घराणे जिथे राहत होते, तिथल्या उपविभागीय कार्यालयातूनच तो निघतो. मूल आठवी-नववीत असतानाच मूळ गावी जाऊन काढून ठेवा. बारावीनंतरच्या प्रवेशाच्या आठवड्यात सगळा महाराष्ट्र त्याच रांगेत असतो.

एक गंमत नावाची. शहराचे नाव बदलले, पण पोर्टलांच्या यादीत कुठे 'छत्रपती संभाजीनगर' आहे, कुठे अजून 'औरंगाबाद', आणि त्याच नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे. फॉर्म भरताना दोन्ही नावांनी शोधा आणि राज्य नीट निवडा. पिनकोड ४३१ ने सुरू होतो का ते बघा. पार्सल गयेकडे फिरून आल्याचे ऐकायला मजा वाटते, त्यात मूळ दाखले असले की वाटत नाही.

सामानाच्या ट्रकबद्दल फार लिहीत नाही. पुण्याहून साधारण २३५ किलोमीटर. वन बीएचकेला १४ फुटी, टू बीएचकेला १७ फुटी आयशर पुरते. फोनवर ठरलेला दर खाली उतरवताना वाढतो, तो 'सामान जास्त निघाले' या सबबीवर. म्हणून नगांची यादी आधी लेखी, बिल्टीवर गाडी नंबर, चढवणे-उतरवणे आणि कितव्या मजल्यापर्यंत हे त्यातच. महिनाअखेरचा शनिवार-रविवार टाळा.

घर विकत घ्यायची घाई हा सगळ्यात महागात पडणारा उत्साह. पुण्यातला फ्लॅट विकून किंवा पीएफ काढून पहिल्याच वर्षी वीस बाय तीसचा प्लॉट घेणारे दर महिन्याला दिसतात. या शहराच्या कडेचा मोठा भाग गट नंबरांवर, शेतजमिनीचे तुकडे पाडून उभा राहिला आहे. त्याला इथे गुंठेवारी म्हणतात. ती नियमित करण्याचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. प्लॉटचा दलाल 'गुंठेवारी होऊन जाईल' म्हणतो तेव्हा त्याला दोनच गोष्टी मागा: महापालिकेचे नियमितीकरणाचे प्रमाणपत्र आणि नोंदणीकृत खरेदीखतांची साखळी. बॉण्ड पेपरवरच्या खरेदीने मालकी येत नाही, मध्ये कितीही नोटरी झाल्या तरी. बँक कर्ज नाकारते तिथे आपणही पाय मागे घ्यावा. नव्या स्कीमचा फ्लॅट असेल आणि भूखंड ५०० चौरस मीटरहून मोठा आणि फ्लॅटही आठाहून जास्त असतील, तर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पाच्या नोंदणीचा, नंबर हवाच. एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने काढा. तेवढ्यात गॅप कळतो, रस्ता कळतो, शेजार कळतो.

शेजारावरून एक अप्रिय गोष्ट. फोनवर घर ठरते, आडनाव कळले की 'नातेवाइकांना द्यायचे ठरले' असे उत्तर येते. बॅचलर नको, मांसाहारी नको, अमुक समाज नको. हे पुण्या-मुंबईतही चालते, पण औद्योगिक गुंतवणुकीचे स्वागत करणाऱ्या शहराला ते जास्त लाजिरवाणे आहे. कंपन्यांनी स्वतःच्या नावावर घरे भाड्याने घेऊन कामगारांना दिली तर याला थोडा आळा बसतो. काही जण तसे करू लागले आहेत.

जोडीदाराच्या नोकरीचा विचारही आधी व्हावा. शिक्षिका, परिचारिका, बँकेत किंवा लेखापालाचे काम करणाऱ्यांना इथे वाव आहे. संगणक क्षेत्रातल्यांना पुण्यापुढे फार थोडा. घरून काम करायची परवानगी लेखी असेल तरच त्या पगारावर घर मांडावे.

शेवटी आपल्याकडे मागणे. कुठल्या जलकुंभावरून कुठल्या भागाला कधी पाणी सुटणार, आणि गॅप वाढला असेल तर किती दिवसांनी, हे पाणीपुरवठा विभागाच्या लाइनमनला आदल्या संध्याकाळी माहीत असते. नागरिकाला ते शेजारणीच्या व्हॉट्सॲपवरून कळते. आपल्या दैनिकात सोन्या-चांदीचा भाव रोज छापून येतो. त्याच्या शेजारी चार ओळींची एक चौकट द्यावी: उद्या पाणी कुठे, किती वाजता, मागचे कोणत्या तारखेला आले होते. महापालिकेने ही माहिती रोज सायंकाळी सहापर्यंत द्यावी यासाठी आपण पाठपुरावा करावा. वर्षभराच्या त्या चौकटी कात्रून ठेवल्या तर बाहेरून येणाऱ्या माणसाला घर पाहताना मालकाच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही.

आपले,
औद्योगिक वसाहतींत मनुष्यबळ विभागात काम करणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर